एका ओळीचं अंतर

वायपरच्या पात्याखाली झेंडूची एक पाकळी अडकली होती. काल दसऱ्याला गाडीला घातलेल्या हारातली. तिचं एक टोक काचेला चिकटलेलं होतं आणि दुसरं, साधारण नखाएवढं, मोकळं होतं. गाडी उभी असली की ते टोक इंजिनाच्या थरथरीबरोबर बारीक हलायचं आणि गाडी सुटली की काचेवर सपाट व्हायचं. पहिल्या फेरीत ती उडून जाईल असं मला वाटलं होतं. गेली नाही. दुसऱ्या फेरीतही नाही. मी तिच्याकडेच बघत होते, कारण समोर रस्त्याकडे बघितलं की माझा उजवा पाय आपोआप पुढे रेटला जायचा, जिथे ब्रेक नसतो तिथे, आणि हर्षलला ते दिसलं की तो हसायचा. "मॅडम, तिकडे फक्त पायपुसणं आहे," तो म्हणायचा.

गाडी पिवळी, दोन माणसांची. मागे सीट नाहीच, एक बॅग मावेल एवढी फट आहे. मुंबईच्या कुणा बिल्डरने चार वर्षं वापरून विकलेली. हर्षलच्या मित्रांनी दसऱ्याचे पेढे खाता खाता म्हटलं होतं, गाडी दिसते झकास, पण दम संपलेला असणार. तेवढं पुरलं. आज सकाळीच आम्ही नाशिकहून दिंडोरीच्या पुढे, सासऱ्यांच्या द्राक्षबागेवर आलो. बागेला लागून सिमेंटचा नवा सरळ रस्ता झाला आहे आणि दुपारी तिथे कुणी नसतं. गाडीतला वेगाचा काटा हर्षलला पुरेसा नव्हता, काटे जास्तच दाखवतात असं मित्र म्हणणार. त्याला बायकोचं गणित हवं होतं. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. लिफ्टचा वेग कसा वाढतो ते मुलांना दाखवायला माझ्या मोबाइलमध्ये एक अॅप आहे, ते प्रत्येक क्षणाचं त्वरण मोजतं आणि त्याचा आलेख काढतं. तो मोबाइल आता समोरच्या डॅशबोर्डवर स्टँडमध्ये घट्ट बसवला होता. रोहित, माझा धाकटा दीर, सुरुवातीच्या खांबापाशी उभा राहून व्हिडिओ काढत होता. त्याच्या शेजारी पाण्याच्या पाइपावर बसून आमची सायली पाय हलवत होती. ती सात वर्षांची आहे. चौथी फेरी तिची, असं हर्षलने तिला घरूनच कबूल केलं होतं. गाडीत सीट दोनच, म्हणजे त्या फेरीला मी खाली उतरायचं.

अंतरही हर्षलनेच मोजलं होतं. बागेतल्या वेलींची प्रत्येक ओळ रस्त्याच्या कडेला एका लोखंडी खांबापाशी संपते आणि दोन ओळींमध्ये नऊ फुटांचं अंतर असतं. त्याने चालत चालत खांब मोजले, एक्केचाळीस, आणि एक्केचाळीस गुणिले नऊ केलं. एक्केचाळीस खांबांमध्ये चाळीसच अंतरं असतात. पण या घरात लहानपणापासून खांबच मोजतात, कारण छाटणीचं काम ओळीवर दिलं जातं आणि एक खांब म्हणजे एक ओळ. मजुरीला ते बरोबरच आहे. अंतराला नाही. नऊ फुटांनी काय बिघडतं, असं मी स्वतःला म्हटलं. गेल्या नऊ वर्षांत मी स्वतःला असं पुष्कळदा म्हटलेलं आहे.

पहिल्या फेरीला सहा पूर्णांक चार सेकंद लागले. परत आल्यावर रोहितने मोबाइलवर भागाकार केला आणि तोंड वाकडं केलं. "त्रेसष्ट. दादा, ताशी त्रेसष्ट फक्त! माझी स्कूटर जाते त्रेसष्टने." हर्षलचा चेहरा खरोखर पडला. चाळिशीला आलेला माणूस, पण वाईट वाटलं की त्याचा खालचा ओठ सायलीसारखा थोडा पुढे येतो, आणि मला ते बघवत नाही. मी म्हणाले, ती सरासरी आहे. गाडी शून्यापासून निघाली. वेग सारखा वाढत गेला असेल तर शेवटच्या खांबापाशी तो सरासरीच्या दुप्पट असणार. "दुप्पट?" रोहित म्हणाला. "म्हणजे एकशे सव्वीस?" त्वरण हळूहळू कमी होतं, त्यामुळे एकशे पंधराच्या आसपास धरा, असं मी म्हणायला लागले, पण तोवर हर्षलने माझ्या खांद्यावर थाप मारली होती. "बघ रे! ही खरी बायको. नवऱ्याचं दुप्पट करून देते!" सायली टाळ्या वाजवायला लागली. मीही हसले. हर्षल हसतो तेव्हा आजूबाजूच्या सगळ्यांना हसावं लागतं. लग्नात मी पहिल्यांदा बघितलं होतं ते हेच.

सरासरीचं मात्र डोक्यातून जाईना. दुसऱ्या फेरीसाठी गाडी वळवत असताना मला सासूबाई आठवत होत्या. कुणाशीही बोलताना त्या म्हणतात, माझ्या हर्षलबद्दल चार माणसांत विचारा, एक वाकडा शब्द येणार नाही. खरंच येणार नाही. त्याने माझ्यावर कधी हात उचललेला नाही. माझे वडील आजारी होते तेव्हा तो रोज डबा घेऊन दवाखान्यात जायचा आणि वॉर्डातल्या सगळ्यांना हसवून यायचा. नऊ वर्षांची बेरीज करून नऊने भागलं तर उत्तर चांगलंच येतं, आणि मी ते उत्तर दर वेळी काढलेलं आहे, त्यात खोट नाही. पण शरीर सरासरी मोजत नाही. शरीराला तर वेगही कळत नाही, विमानात बसलेला माणूस झोपतोच की. शरीराला कळतो तो बदल. कुणीतरी छातीवर तळवा ठेवून मागे दाबावं तसं होतं, पोटातलं सगळं पाठीला जाऊन चिकटतं, आणि ते किती होतं हे मला आकड्यात सांगता येतं, पण त्यामुळे ते कमी होत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही मोटरसायकलवरून सप्तशृंगीला गेलो होतो. वळणावर मी त्याच्या पाठीला तोंड लावून म्हटलं, हळू घे ना. गाडी पळायला लागली. मी ओरडून म्हटलं. आणखी पळाली. वर पोचल्यावर तो म्हणाला, अगं वाऱ्यात काही ऐकूच येत नव्हतं, आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी त्याने रुमालाने पुसलं, तेही वाऱ्यानेच आलंय असं समजून. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. वारा होताच. पुढे नाशिकच्या द्वारका चौकात सायली माझ्या मांडीवर असताना त्याने बससमोरून गाडी काढली, तेव्हा हॉर्न वाजत होते. गंगापूर रोडला रात्रीच्या जेवणाहून परतताना गाणी चालू होती. प्रत्येक वेळी काही ना काही आवाज होताच. मी एक गृहीतक मांडलं होतं, त्याला ऐकू जात नाही, आणि नऊ वर्षं ते कुठेच मोडलं नाही, कारण मी ते तपासलंच नव्हतं.

दुसरी फेरी पहिलीसारखीच झाली. सहा पूर्णांक तीन. मी पाकळीकडे बघत राहिले. परत येताना हर्षलने विचारलं, "लासलगाववाल्यांचा फोन आला होता ना सकाळी? मी आंघोळीला होतो तेव्हा." त्याने सहज विचारलं, एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा खिडकीबाहेर. लासलगावच्या ज्युनियर कॉलेजात मला कायमची जागा मिळते आहे. नाशिकमध्ये मी सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते, सुट्टीत पगार नाही, दर जूनला पुन्हा विचारतील का याची वाट बघायची. लासलगावला राहायला दोन खोल्याही देणार आहेत, शाळा समोरच. गणपतीच्या आधीपासून ते विचारताहेत आणि मी सांगते, घरी बोलून कळवते. आजही प्राचार्य म्हणाले, मॅडम, सोमवारनंतर मला दुसऱ्यांना बोलवावं लागेल. घरी मी बोलले नव्हते असं नाही. एकदा बोलले होते. हर्षल एवढा हसला होता की त्याला ठसका लागला. "कांद्याच्या लिलावात फिजिक्स शिकवणार? क्विंटलला किती त्वरण?" मग जवळ घेऊन म्हणाला, तुला काय कमी आहे गं इथे. मला काय कमी आहे ते एका वाक्यात सांगता आलं नाही. मला गाडीची भीती वाटते, असं कुणी नवऱ्याचं घर सोडताना म्हणतं का? "हो, आला होता," मी म्हणाले. "नाही म्हणून टाक ना एकदा. बिचारे ताटकळलेत," तो म्हणाला. मी खिडकीबाहेर बघितलं. बागेची छाटणी उरकत आली होती. मांडव उघडे पडले होते आणि खाली काड्यांचे ढीग होते. नवी फूट यावी म्हणून वेलींच्या डोळ्यांना पेस्ट लावणाऱ्या बायका तोंडाला फडकी बांधून लांबच्या ओळीत वाकल्या होत्या.

तिसऱ्या फेरीच्या आधी सायली धावत खिडकीशी आली. "पप्पा, आता मी ना?" "ही एक मम्मीची, मग तू. तुझ्या वेळी सहाच्या आत आणतो बघ. पैज." "मम्मी ओरडते का रे आत?" "मम्मी? मम्मी डोळे मिटून देवाचं नाव घेते." रोहित म्हणाला, "वहिनी, खाली उतरल्यावर आधी जमिनीला नमस्कार करा." सगळे हसले. सायलीने आत हात घालून माझ्या पट्ट्याचं बक्कल ओढून बघितलं, घट्ट आहे की नाही ते. हे मी तिला शिकवलेलं नाही. ती माझं बघून करते. मग ती मागे सरली, हर्षलने पाय दाबला आणि सीटने मला मागून उचललं.

खांब एकेक दिसेनासे होऊन त्यांची जाळी झाली. पाकळी काचेवर सपाट. मी यावेळी समोर बघितलं, का ते माहीत नाही. शेवटच्या खांबांजवळ, दोन ओळींच्या मधून, डोक्यावर काड्यांची मोळी घेतलेली एक बाई रस्त्यावर येत होती. मोळी रुंद होती, दोन्ही बाजूंनी खाली आलेली, तिला आमच्या बाजूचं काही दिसणं शक्य नव्हतं. ती एक पाऊल चालली, मग आणखी एक, अगदी सावकाश, मोळी सांभाळत. मी ओरडले. नुसतं ओरडले नाही, माझा तळवा डॅशबोर्डवर जोरात आपटला, मोबाइलच्या स्टँडशेजारी. "हर्षल!" आणि सीटने मला पुन्हा मागे ओढलं. मला वाटलं, मीच मागे कलले असेन, घाबरून. मग ब्रेक लागला. पट्टा गळ्याखाली रुतला, चाकं किंचाळली, रबराचा वास आला, आणि गाडी थांबली तेव्हा ती बाई आमच्यासमोर रस्त्याच्या मधोमध उभी होती. मोळी खाली पडली होती. तिच्यात आणि आमच्या बॉनेटमध्ये एका ओळीचं अंतर होतं. नऊ फूट.

हर्षल आधी खाली उतरला. मी आतच बसून राहिले. झुंबरबाई होती, वस्तीवरची, सासऱ्यांकडे पंधरा वर्षं कामाला असलेली. "दादा, रस्ता तुमचा हाय, बाग तुमची हाय," ती म्हणत होती, आणि तिचा आवाज उंच जाऊन फाटत होता, "पन मी तुमची नाय ना वो! लय जोरात आली गाडी. माझी धाकली तिकडं पेस्ट लावती, तिनं बघितलं असतं म्हंजे?" हर्षलने दोन्ही हात जोडले. मग वाकून त्याने काड्या गोळा केल्या, सगळ्या, एकेक, पांढऱ्या पॅंटला माती लावून घेत, आणि मोळी स्वतः उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. "मावशी, माझी बायको बघ आत कशी पांढरी पडलीय. तू तिच्यापेक्षा धीट. चल, बस गाडीत, घरापर्यंत सोडतो मोळीसकट." "मोळी कुठं ठिवू, तुमच्या डोक्याव?" झुंबरबाई म्हणाली. आणि ती हसली. मी काचेतून बघितलं, ती खरंच हसली, पदराने डोळे पुसत. तिलाही हसावं लागलं.

मी मोबाइल स्टँडमधून काढला. काही करायला हवं म्हणून काढला. आलेखावर एकाखाली एक तीन रेषा होत्या, पुढची-मागची, डावी-उजवी, वरची-खालची. वर-खालच्या रेषेवर चौथ्या सेकंदाला एक उंच सुई उभी होती. ती काय आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला. तो माझा तळवा होता. डॅशबोर्डवर आपटलेला माझा हात तिथे नोंदला गेला होता, आणि म्हणून मी कधी ओरडले हे मला सेकंदाच्या छोट्या भागापर्यंत ठाऊक होतं. मी बोट त्याच क्षणावर ठेवून पुढच्या-मागच्या रेषेकडे आणलं. तिथपर्यंत रेषा उतरत आली होती, ती वेगाची नाही, त्वरणाची रेषा, वेग वाढत गेला की उतरतेच. सुईनंतर अर्धा सेकंद ती तशीच उतरत राहिली असती, तर मला काही म्हणायचं नव्हतं, पाय हलायला माणसाला तेवढा वेळ लागतो. पण ती लगेच वर गेली होती. सरळ वर, सुरुवातीच्या उंचीच्याही पलीकडे, आणि जवळजवळ एक सेकंद तिथे राहून मग खोल खाली, ब्रेकमध्ये, पडली होती. सीटने मला मागे ओढलं होतं ते हे. मी कलले नव्हते.

आधी मी दुसरी कारणं शोधली. ते मला करता येतं. रस्त्याला उतार असेल, पण मग तो आधीच्या दोन फेऱ्यांतही दिसायला हवा. गिअर आपोआप बदलला असेल, पण वरचा गिअर पडला की रेषा खाली येते, वर जात नाही. वर जाते ती एकाच वेळी, पाय तळापर्यंत दाबला आणि गाडीने खालचा गिअर घेतला की. मी तिन्ही फेऱ्या एकमेकींवर ठेवल्या. पहिल्या दोन एकाच सुताने काढल्यासारख्या होत्या. तिसरी माझ्या ओरडण्यापर्यंत त्यांच्याबरोबर होती आणि तिथून वेगळी झाली होती. मी ओरडले तेव्हा गाडी थांबायला पंचवीस मीटर पुरले असते, झुंबरबाई त्याच्या दुपटीहून लांब होती. पाय हलवायचा वेळ मिळवला तरी भरपूर जागा उरली असती. एका सेकंदानंतर चाळीस मीटर लागले. आणि उरलं ते नऊ फूट, जे हर्षलने सकाळी खांब मोजताना उगाच धरले होते.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत सासूबाईंनी मला एक गोष्ट सांगितली होती, करंज्या लाटता लाटता, लाडाने. हर्षल लहान असताना विहिरीच्या काठावर उभा राहायचा. मी ओरडले की आणखी एक पाऊल पुढं, त्या म्हणाल्या, परत ओरडले की परत एक. मग मी ओरडायचंच सोडलं, पाठ फिरवली की आपोआप यायचा बघ मागं. त्याला कधी टोकू नकोस गं, टोकलं की जास्तच करतो. आम्ही दोघी हसलो होतो. माझ्या हाताला मैदा लागलेला होता, तो मला आता बोटांवर कोरडा जाणवला. त्यांनी माझ्यापासून काहीही लपवलं नव्हतं. सगळं सांगितलं होतं, मी गोष्ट म्हणून ऐकलं.

हर्षल येऊन बसला. गाडी वळवून तो सावकाश परत निघाला, शिट्टी वाजवत. त्याच्या कपाळावर घाम होता, तो घाबरला नव्हता असं मी म्हणणार नाही. "किती आलं मॅडम?" "ही फेरी मोजता येणार नाही. ब्रेक लागला." "ब्रेकच्या आधीचं सांग ना. कसली सुटली होती! मला पाठीत जाणवलं." मी मोबाइल मांडीवर उलटा ठेवला. "मी ओरडले ते ऐकलंस तू?" "इंजिनाच्या आवाजात काय ऐकू येणार गं? ती दिसली तशी मारला ना ब्रेक. थांबलो की नाही?" तो माझ्याकडे बघून हसला, नेहमीसारखा, आणि नेहमीसारखाच माझा चेहराही हसायला निघाला, गालाचे स्नायू हलले, ते मला कळलं. मी त्यांना थांबवलं. केवढे दमून गेले होते ते.

पहिल्या खांबापाशी गाडी थांबली. इंजिन चालू. सायली पाइपावरून उडी मारून धावत आली, माझ्या बाजूला, आणि दार ओढायला लागली. "मम्मी, उतर! माझा नंबर!" रोहित मोबाइल धरून पुढे गेला. "सायली, इकडे बघ, हाय कर." मी पट्ट्याच्या बक्कलवर हात ठेवला आणि तो सोडवला नाही. "उतर ना," हर्षल म्हणाला, "पोरगी केव्हाची थांबलीय." दाराचं कुलूप माझ्या कोपराशी होतं. ते मी दाबलं. सायलीने दोनदा ओढून बघितलं आणि काचेला नाक लावून माझ्याकडे बघत राहिली. तिचा श्वास काचेवर उमटला आणि विरला. पाकळीचं मोकळं टोक थरथरत होतं.

"सायली या गाडीत बसणार नाही," मी म्हणाले.

हर्षलने अॅक्सिलरेटर थोडा दाबला. इंजिन गुरगुरलं. "काय? ऐकू नाही आलं." त्याचे डोळे हसत होते. पाय हलताना मी बघितला, बूट खाली गेला, वर आला. मी पुन्हा मोठ्याने म्हणावं याची तो वाट बघत होता आणि मी मोठ्याने म्हटलं की बूट पुन्हा खाली जाणार होता. एवढं सोपं होतं ते. एका ओळीत मांडता येण्यासारखं.

मी हात लांब करून स्टिअरिंगशेजारचं गोल बटण दाबलं. इंजिन बंद झालं. बागेतला आवाज आत आला, लांब कुणीतरी पाण्याची मोटर सुरू करत होतं, बायका एकमेकींना हाका मारत होत्या. पाकळी थांबली होती. हर्षल बटणाकडे बघत होता, मग माझ्याकडे. मी आवाज चढवला नाही. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचतो त्याहून खालचा, आम्हा दोघांपुरता आवाज होता तो, आणि तेवढा पुरणार आहे हे मला माहीत होतं.

"लासलगावची जागा मी घेतेय, हर्षल," मी म्हणाले. "सोमवारी त्यांना कळवते. सायली माझ्याबरोबर येईल."